मालिकेचा प्रेक्षक आणि मालिकेचा कामगार

दूरचित्रवाणीवरील मालिका हा गंभीर राजकीय विचाराचा विषय नव्हे, असा समज पुरोगामी चळवळीत अद्याप दृढ आहे. संध्याकाळी दिवेलागणीपासून रात्री साडेदहापर्यंत देशातील कोट्यवधी घरांत मालिकांचे भाग पाहिले जातात. काल नायिका असे का वागली, सासूने कागद कोठे लपवला, पुढच्या भागात खरे उघडकीस येणार की नाही, याची चर्चा दुसऱ्या दिवशी नळावर, लोकलच्या डब्यात, शिवणयंत्रांच्या रांगेत आणि अंगणवाडीच्या ओसरीवर चालू राहते. ही चर्चा म्हणजे फावल्या वेळच्या गप्पा, असे म्हणून ती झटकून टाकणारे कार्यकर्ते थोडे नाहीत. श्रमिक स्त्री-पुरुष दररोज ज्या गोष्टीवर मत देतात, तिच्याविषयी श्रमिकांच्या पक्षाला मात्र मत नसावे, ही स्थिती योग्य म्हणता येणार नाही.

या प्रश्नाचा विचार करताना म्हैसूर शहराच्या एका कोपऱ्याकडे पाहणे उद्‌बोधक ठरेल. शहराच्या वायव्येस गोकुलम ही वसाहत आहे. आज देशोदेशींचे लोक तेथे योगाभ्यासासाठी येऊन राहतात. तिला लागूनच यादवगिरी. येथे आर. के. नारायण यांचे घर आहे व ते २०१६ सालापासून संग्रहालय म्हणून खुले झाले आहे. त्यांच्या कथांवरून शंकर नाग यांनी १९८६-८७ च्या सुमारास ‘मालगुडी डेज’ ही मालिका दिग्दर्शित केली. १९३५ साली याच शहरात प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरी एक खाजगी नभोवाणी केंद्र सुरू केले आणि त्याला ‘आकाशवाणी’ हे नाव दिले. पुढे तेच नाव देशाच्या नभोवाणीने धारण केले. म्हणजे भारतीय प्रसारणाचा इतिहास सांगताना हा परिसर टाळता येत नाही. परंतु त्या इतिहासाचे एक पान असेही आहे, की जे सहसा उघडले जात नाही.

बासष्ट मृत्यू

८ फेब्रुवारी १९८९ रोजी म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत ‘द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान’ या मालिकेच्या चित्रीकरणाच्या वेळी आग लागली. या आगीत एकूण ६२ माणसे मृत्युमुखी पडली. मालिकेचे निर्माते, दिग्दर्शक व प्रमुख नट संजय खान हे स्वतः भयंकर भाजले; त्यांना वर्षाहून अधिक काळ रुग्णालयात काढावा लागला. विजेच्या सैल तारा, वायुवीजनाचा अभाव, अग्निरोधक साहित्याऐवजी भिंतींना लावलेले गोणपाट आणि प्रचंड दिव्यांमुळे वाढलेला उष्मा, ही कारणे त्या दुर्घटनेसंबंधी नमूद करण्यात आली आहेत. यातील एकही कारण दैवी नव्हते. प्रत्येक कारणाला किंमत होती आणि ती किंमत वाचवण्यात आली होती.

१९९० साली मालिकेचे प्रसारण सुरू झाले. भगवान गिडवाणी यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या मालिकेतील टिपू इतिहासाला धरून आहे की नाही, यावर देशभर वाद माजला. प्रकरण न्यायालयात गेले आणि मालिका काल्पनिक असल्याचे निवेदन दाखवण्याच्या अटीवर प्रसारण चालू राहिले. इतिहासाविषयी वाद होणे गैर नव्हे. तथापि दोनशे वर्षांपूर्वी श्रीरंगपट्टणला पडलेल्या राजाविषयी जेवढी शाई खर्च झाली, तिच्या अल्पांशानेही वर्षापूर्वी म्हैसूरला जळालेल्या माणसांविषयी झाली नाही. पडद्यासमोर बसलेल्या प्रेक्षकाला तलवारीचे तेज दिसले. तिच्या मागचे गोणपाट दिसले नाही. ते दिसू नये, अशीच या धंद्याची रचना असते.

प्रेक्षक मुका नसतो

प्रेक्षकाला जे दाखवाल ते तो निमूटपणे गिळतो, हे मत कितीही क्रांतिकारक भासले तरी ते वस्तुस्थितीला धरून नाही. ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झाली. कनिष्ठ मध्यमवर्गीय कुटुंबाची ही कथा १५६ भाग चालली. प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार प्रेक्षकांशी बोलत. त्या काळात मालिकेकडे सुमारे चार लाख पत्रे आली. अमुक मुलीचे लग्न व्हावे, तमुक पात्राने दारू सोडावी, अशी मागणी लोक पोस्टकार्डावर करू लागले. लेखक मनोहर श्याम जोशी यांच्या कथेत लोकांनी आपला हक्क सांगितला होता.

याहूनही बोलके उदाहरण १९८८ चे आहे. ‘रामायण’ मालिका ३१ जुलै १९८८ ला संपली. उत्तरकथा न दाखवताच ती संपणार, हे कळताच जालंधरच्या सफाई कामगारांनी संप पुकारला. वाल्मीकींना आपले पूर्वज मानणाऱ्या या कामगारांना वाल्मीकींच्या आश्रमात वाढलेल्या लव-कुशांची कथा पडद्यावर हवी होती. संपाचे लोण उत्तरेतील इतर शहरांत पसरले. सरकारला नमते घ्यावे लागले व उत्तरकथेची मालिका दाखवण्यात आली.

या संपाची त्या वेळी पुष्कळ थट्टा झाली. वेतनासाठी नव्हे, सुरक्षेसाठी नव्हे, तर मालिकेच्या चार भागांसाठी संप करणारा कामगार हा भाबडा, असे सुशिक्षितांनी ठरवले. पौराणिक मालिकांच्या लाटेने पुढे कोणत्या राजकारणाला बळ दिले, हे सर्वविदित आहे आणि त्याकडे डोळेझाक करता येणार नाही. पण त्या कामगारांच्या मागणीत आणखीही काही होते. शहराची घाण उपसणारा माणूस देशाच्या पडद्यावर आपल्या कवीला आणि पर्यायाने स्वतःला जागा मागत होता. मानाची ही भूक ओळखण्यात चळवळ कमी पडली, तर ती भूक दुसरे कोणी तरी आपल्या कामी लावतात.

आज प्रेक्षकाचे पोस्टकार्ड गेले. त्याच्या जागी निवडक घरांत बसवलेले मोजणीयंत्र आले. कोणते घर किती मिनिटे कोणत्या वाहिनीवर थांबले, एवढेच ते नोंदवते. आवडले म्हणून थांबले की संताप आला म्हणून, हे त्याला कळत नाही व कळण्याची गरजही नाही. कारण जाहिरातदाराला मिनिटे विकली जातात, मत नव्हे. चार लाख पत्रे लिहिणारा प्रेक्षक अशा रीतीने स्वतःच बाजारातील माल झाला आहे. त्या मोजणीतही हेराफेरी होते, असा आरोप २०२० साली मुंबई पोलिसांनीच केला होता.

एक कथा, सात भाषा, एक मालक

अलीकडच्या काळात प्रेक्षकांच्या जिव्हाळ्याची ठरलेली एक कथा घेऊ. २०१९ साली बंगालीत ‘श्रीमयी’ ही मालिका आली. घरासाठी आयुष्य झिजवणारी, तरीही घरात कवडीमोल ठरलेली गृहिणी, तिच्या नवऱ्याचे दुसरे प्रेम आणि तिचे हळूहळू स्वतःच्या पायांवर उभे राहणे, ही ती कथा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती मराठीत ‘आई कुठे काय करते’ या नावाने आली व नोव्हेंबर २०२४ पर्यंत चालली. हिंदीत तीच ‘अनुपमा’ झाली. कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम् या भाषांतही ती अवतरली.

या कथेवर स्त्रियांनी जीव टाकला, याचे कारण उघड आहे. ‘आई कुठे काय करते’ या शीर्षकातच अर्थशास्त्राचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. स्वयंपाक, धुणी, आजाऱ्यांची शुश्रूषा, मुलांचे संगोपन, हे सारे श्रम ज्या हिशेबात धरले जात नाहीत तो हिशेब खोटा आहे, हे समाजवादी विचारवंत आणि स्त्री-चळवळ कित्येक दशके सांगत आली. मालिकेने तो प्रश्न घराघरांत नेला. आरंभीचे भाग पाहणाऱ्या स्त्रीची पहिली प्रतिक्रिया ‘हे तर माझ्याच घरातले’ अशी होती आणि ती रास्त होती.

पण पुढे काय झाले? वर्षे लोटत गेली तसतसा तो प्रश्न मागे पडून कारस्थाने, गैरसमज, लग्ने व अपघात यांची रास पडत गेली. घरकामाच्या मोलाविषयी सुरू झालेली कथा सासर-माहेरच्या भांडणात अडकली. दोष लेखकांच्या प्रतिभेचा नाही. आठवड्याला सहा-सात भाग द्यावयाचे, मोजणीयंत्राचा काटा खाली आला की कथानक फिरवावयाचे, आणि प्रश्नाचे उत्तर कधीच द्यावयाचे नाही, कारण उत्तर मिळाले की मालिका संपते व मालिका संपली की जाहिराती संपतात. ही पद्धतच प्रश्नाला मारते. शेकडो भाग पाहून ‘आता यात काही राम राहिला नाही’ असे म्हणणारी प्रेक्षक स्त्री साहित्यसमीक्षकापेक्षा अधिक अचूक बोलत असते.

ही सातही रूपे ज्या वाहिन्यांवर दाखवली गेली, त्या एकाच उद्योगसमूहाच्या मालकीच्या. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी त्या वाहिन्या आणि रिलायन्सचा माध्यम-व्यवसाय यांचे एकत्रीकरण पूर्ण झाले. त्या संयुक्त उपक्रमाचे मूल्य ७०,३५२ कोटी रुपये सांगण्यात आले. गोकुलममधील कन्नड घर, दादरमधील मराठी घर आणि कोलकात्यातील बंगाली घर यांचे अश्रू आता एकाच खातेवहीत जमा होतात.

या एकत्रीकरणास स्पर्धा आयोगाने काही अटींवर संमती दिली. याच आयोगापुढे काही वर्षांपूर्वी दुसरे एक प्रकरण आले होते. हिंदी ‘महाभारत’ बंगालीत ध्वनिमुद्रित करून दाखवण्यास पश्चिम बंगालमधील कलावंत व तंत्रज्ञांच्या समन्वय समितीने विरोध केला. तयार माल आणून ओतला तर आमच्या हातचे काम जाईल, ही त्यांची भीती होती. आयोगाने तो विरोध स्पर्धेला बाधक ठरवला आणि ७ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला. कर्नाटकातही भाषांतरित चित्रपट व मालिकांना दशकानुदशके असाच विरोध होता. तो अलीकडच्या वर्षांत मोडला.

दुसऱ्या भाषेतील उत्तम कृती आपल्या भाषेत पाहण्याचा हक्क कोणत्याही जनतेला नाकारता येणार नाही. भाषांतरावर बंदी हा संस्कृतीच्या रक्षणाचा मार्ग होऊ शकत नाही. परंतु रोजगार जाण्याच्या भीतीने एकत्र आलेल्या तंत्रज्ञांची एकजूट स्पर्धेला मारक आणि बाजाराचा प्रचंड हिस्सा गिळणारे एकत्रीकरण अटींसह संमत, या दोन निर्णयांतून स्पर्धा या शब्दाचा राज्यकर्त्यांना अभिप्रेत असलेला अर्थ स्पष्ट होतो.

आग विझली, कारणे शिल्लक

२३ जून २०२५ च्या पहाटे गोरेगावच्या चित्रनगरीत ‘अनुपमा’ मालिकेच्या संचाला आग लागून तो भस्मसात झाला. प्राणहानी झाली नाही. त्यापूर्वी १० मार्च २०२३ रोजी याच चित्रनगरीत ‘गुम है किसी के प्यार में’ या मालिकेच्या संचाला आग लागली होती. तेव्हाही माणसे वाचली. म्हैसूरच्या घटनेनंतर छत्तीस वर्षांनीही लाकूड, कापड, थर्मोकोल आणि विजेच्या तारा यांच्या जंगलात कामगार राबत आहेत. दरवेळी माणसे वाचतीलच, अशी हमी कोण देणार? जी कथा गृहिणीच्या न मोजलेल्या श्रमासाठी प्रेक्षकाला रडवते, तिच्याच संचावर दिवे वाहणारा, रंग देणारा, चहा देणारा, रात्रपाळी संपवून पहाटेची लोकल पकडणारा माणूस कोणाच्याही हिशेबात नसतो.

कायद्याची कथाही अशीच आहे. १९८१ चा सिने-कामगारांसंबंधीचा केंद्रीय कायदा कथाचित्रपटापुरता होता. मालिका त्यात नव्हत्या. दूरचित्रवाणी व संकेतस्थळांवरील मालिकांच्या कामगारांची व्याख्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत प्रथमच व्यापकपणे करण्यात आली. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. व्याख्या मिळाली, परंतु तपासणी करणाऱ्या निरीक्षकाला मालकाचा ‘सुलभकर्ता’ बनवणारी आणि कामगार संघटनांच्या विरोधाला न जुमानता आलेली ही संहिता संचावरचे गोणपाट उतरवील, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

प्रेक्षकाला या कामगाराचे अस्तित्व केव्हा जाणवते? नवा भाग येत नाही तेव्हा. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या चित्रपट-मालिका कामगारांचा निर्मात्यांशी वेतनाचा वाद विकोपास गेला, तेव्हा हिंदी वाहिन्यांना जुने भाग दाखवावे लागले. ऑगस्ट २०१८ मध्ये थकलेले मानधन आणि कामाचे बेसुमार तास यांसाठी कोलकात्याच्या कलावंतांनी चित्रीकरण थांबवले, तेव्हा बंगाली घरांतही तेच घडले. मालिका आभाळातून पडत नाही, हे त्या काही दिवसांत पडद्याने स्वतःच कबूल केले.

ही दोन टोके जोडणे, हे चळवळीचे काम आहे. मालिका पाहणाऱ्या श्रमिक स्त्रीला हिणवून ते होणार नाही. तिच्या आवडीपुढे मान तुकवूनही होणार नाही. महिला संघटनेच्या बैठकीत, वाचनालयात, कामगार वस्तीत कालच्या भागावर मोकळेपणाने चर्चा व्हावी. नायिकेला घर सोडावेसे का वाटले, हे विचारता विचारता तिच्या घरखर्चाचा पैसा कोठून येतो, हेही विचारता येईल. प्रत्येक संचाची अग्निसुरक्षा तपासणी करून तिचा अहवाल जाहीर करावा, कामाचे तास निश्चित करावेत, प्रत्येक कामगाराला लेखी करार मिळावा आणि अपघातात दगावलेल्याच्या कुटुंबाची जबाबदारी निर्मात्याबरोबर वाहिनीच्या मालकावरही टाकावी, या मागण्यांवर कामगाराच्या सहीशेजारी प्रेक्षकाची सही घ्यावी. एके काळी चार लाख पत्रे लिहिणाऱ्या प्रेक्षकाला ही एक सही जड जाणार नाही.

आणि म्हैसूरच्या त्या ६२ जणांसंबंधी एक साधी मागणी आहे. टिपूची ती मालिका जेथे जेथे पुन्हा दाखवली जाईल, तेथे पहिल्या भागाच्या आरंभी त्यांची नावे दाखवावीत. इतिहास काल्पनिक असल्याचे निवेदन पडद्यावर देता आले; मृत्यू खरे असल्याचे निवेदनही देता येईल.