शेवाळ : शत्रू की सोबती?

घरातील मत्स्यपेटीच्या काचेवर हिरवी छटा दिसताच अनेक जण ती समूळ खरवडतात, सारे पाणी एकदम बदलतात आणि मग मासे का दगावले, याचे नवल करतात. ही घाई आम्हांस मान्य नाही. शेवाळाचा पातळ थर पाण्यातील नायट्रेट व फॉस्फेट शोषून घेतो, उजेडात प्राणवायू देतो, गोगलगायींना खाद्य पुरवितो. रात्री मात्र तोच प्राणवायू वापरतो. म्हणून अतिरेक घातक. पण अतिरेकाचा दोष शेवाळाकडे नसून आपण घातलेल्या जादा खाद्याकडे आणि अति उजेडाकडे जातो. ती दोन्ही आवरावीत; समोरची काच पुसावी, मागची तशीच राहू द्यावी. पेटी आपल्या नेत्रसुखासाठी असली, तरी तिच्यातील पाणी माशांचे जीवन आहे.