वऱ्हाडास कोणी विचारले?

चांदूर बाजारच्या आठवडी बाजारात कोणी शेतकरी माल घेऊन गेला, म्हणजे दलाल निदान तोंडदेखले तरी विचारतो, "काय भाऊ, या भावात देता का?" भाव आधीच ठरलेला असला तरी विचारण्याचा रिवाज त्यालाही मोडवत नाही. पण ज्या राज्यकारभाराखाली हा शेतकरी जगतो, तो कारभार त्याला पाच वर्षांतून एकदा हात जोडतो आणि पुढे चार वर्षे अकरा महिने त्याच्याकडे पाठ फिरवून बसतो. दलालाइतकीही लाज ज्यास नाही, त्या कारभारास लोकांचे राज्य म्हणावे काय, हा आमचा आजचा सवाल आहे.

आपल्या वऱ्हाडचीच हकिकत घ्या. 1853 साली निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. रयतेस कोणी विचारले नाही. 1902 साली वर्षाला 25 लाख रुपयांवर तो कायमच्या खंडाने दिला. आपण एखादे वावर मक्त्याने देतो, तेव्हा बैलास विचारत नाही, तसेच हे झाले. 1903 साली त्यास मध्यप्रांताच्या दावणीला बांधले. हे परक्यांचे राज्य होते, असे म्हणून सोडून देऊ. पण 1955 साली फाजल अली आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य करावे अशी शिफारस केली. 1956 साली तो मुंबई राज्यात घातला गेला आणि 1960 साली महाराष्ट्रात आला. तेव्हा तर स्वराज्य होते ना? मग कोणत्या कुणब्यास, कोणत्या माळ्यास, कोणत्या सुतार-लोहारास विचारले? विदर्भ वेगळा हवा की नको, याचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. होय म्हणणारे आमचे बंधू आहेत आणि नाही म्हणणारेही आमचेच बंधू आहेत. ज्यांचे घर, त्यांस एकदा विचारावे, एवढेच आमचे म्हणणे.

यावर शहाणे लोक म्हणतात, "अहो, अडाणी लोकांस असले प्रश्न कळतात काय?" हे बोल आमच्या ओळखीचे आहेत. शूद्रांस विद्या कशाला, असे विचारणाऱ्यांचेच हे नातू. त्यांस आम्ही गोमंतकाकडे बोट दाखवतो. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की केंद्रशासित ठेवावा, हा प्रश्न 16 जानेवारी 1967 रोजी थेट लोकांपुढे ठेवला गेला. विलीनीकरणास फूल आणि वेगळे राहण्यास दोन पाने, अशी चिन्हे होती. ज्यास अक्षर येत नव्हते, त्यास फूल आणि पान तर कळत होते! वेगळे राहण्याच्या बाजूने 1,72,191 आणि विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 मते पडली. विलीनीकरणाचे मोठे पुरस्कर्ते मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर बहुजनांचे पुढारी होते. कौल निर्वेध व्हावा म्हणून त्यांचे मंत्रिमंडळ आधीच पायउतार झाले होते. कौल त्यांच्या विरुद्ध गेला. पण गंमत पुढे आहे. थोड्याच महिन्यांनी निवडणूक झाली, तेव्हा त्याच लोकांनी बांदोडकरांच्याच पक्षास पुन्हा गादीवर बसवले. म्हणजे माणूस हवा, पण त्याचा हा बेत नको, एवढा बारीक विवेक गोव्याच्या शेतकऱ्याने आणि कोळ्याने दाखवला. निवडणुकीच्या एका मतात हा विवेक कधीच मावत नाही. म्हणूनच "आम्हांस निवडून दिले, म्हणजे आमचे सगळेच मान्य केले" ही आमदारांची बोली खोटी आहे.

युरोपात स्वित्झर्लंड म्हणून डोंगराळ देश आहे. वस्ती सुमारे 90 लाख, भाषा चार. तेथे कायदेमंडळाने केलेला कायदा लोकांस पसंत नसेल, तर 100 दिवसांत 50,000 सह्या जमवाव्या. तो कायदा सर्व मतदारांपुढे ठेवावाच लागतो. राज्यघटनेतच बदल हवा असेल, तर दीड वर्षात एक लाख सह्या लागतात. घटनेतील बदलास देशातील मतदारांचे आणि बहुसंख्य प्रांतांचे, असे दुहेरी बहुमत लागते. ग्लारुस प्रांतात तर आजही लोक उघड्या चौकात जमून हात वर करून कायदे ठरवतात. त्यांत गुरे राखणारे असतात आणि दुकानदारही असतात. आकाश कोसळले नाही.

पण आम्ही आंधळे भक्त नव्हे. त्याच देशात बायकांस मत द्यावे की नाही, हे फक्त पुरुषांस विचारले! 1959 साली पुरुषांनी नाही म्हटले. 1971 साली होय म्हटले. आपेनझेल नावाच्या एका प्रांतात तर 1990 साली न्यायालयाने हुकूम केला, तेव्हा बायका चौकात आल्या. यातून धडा हा, की माणसाचे मूळ हक्क मतास टाकायचे नसतात. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी 1948 साली घटना समितीत गावगाड्याची पूजा करणाऱ्यांस खडसावले, ते याच भयाने. महारवाड्यास विहीर मोकळी असावी की नाही, हे गावाने मतास टाकावे काय? कदापि नाही. ते राज्यघटनेने ठरवले आहे. पण रस्ता, पाणी, गायरान, दारूचे दुकान, गावच्या पैशाचा खर्च हे ठरवण्याचा हक्क गावाचाच.

आता दारूच्या दुकानाचेच पहा. 2008 सालच्या नियमाने महाराष्ट्रातील बायकांस एक मोठा अधिकार मिळाला. गावातील चौथाई स्त्री-मतदारांनी मागणी केली, तर गुप्त मतदान होते. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. ऐकायला किती गोड! पण ग्यानबाची मेख पुढे आहे. दुकान बंद होण्यास यादीतील एकूण स्त्री-मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीस पडली पाहिजेत. समजा, यादीत 1000 बायका आहेत. त्यांपैकी 600 जणी आल्या. 480 जणींनी आडवी म्हटले, 120 जणींनी उभी. दुकान चालूच! कारण 501 भरल्या नाहीत. जी मेली पण यादीतून गेली नाही, जी लग्न होऊन सासरी गेली, जी तोडणीला परजिल्ह्यात गेली, जिला त्या दिवशी नवऱ्याने घरात कोंडले, त्या सगळ्यांची मते दारूवाल्याच्या पदरात! आमदारास हा नियम लावा पाहू. यादीतील निम्म्याहून अधिक मते मिळतील तोच निवडून आला, असे ठरले तर विधानसभेची किती बाके भरतील? स्वतःस एक माप आणि आमच्या आयाबहिणींस दुसरे, हीच आजची नवी भटशाही. आणि सांगण्यास शरम वाटते, ती चालवणाऱ्यांत आता आपल्याच जातीचे पाटील-देशमुखही बसले आहेत.

दुसऱ्यांस दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. सभा भरण्यास मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांतील जी संख्या कमी असेल तेवढी माणसे पुरतात. एवढीही माणसे जमत नाहीत! सभा तहकूब होते, मग तहकूब सभेस गणसंख्येचे बंधन नाही, आणि चार टाळकी बसून सगळ्या गावाच्या नावाने ठराव लिहितात. पूर्वी पटवारी लिहील ते खरे होते. आज प्रोसिडिंग बुकात लिहिले जाईल ते खरे. कथाकीर्तनास रात्र जागवणारा आमचा बंधू ग्रामसभेस दोन तास बसत नाही, मग रडतो कशाला?

जेथे लोक बसले, तेथे फळ मिळाले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखाच्या गोंड बंधूंनी सर्वांच्या संमतीनेच निर्णय घेण्याचा नेम धरला, आणि 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर गावाचा हक्क मिळवला. फार लांब नको. आपल्या शेजारच्या अचलपूर तालुक्यात पायविहीर आहे. तेथेही ग्रामसभेने वनहक्क घेऊन उजाड रान राखले आणि सीताफळांचा धंदा आपल्या हाती घेतला. त्यांनी कोणा साहेबाची वाट पाहिली नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. आडव्या बाटलीचा निकाल आलेल्या मतांवर लागावा. सरपंच थेट निवडावा की नाही, हे सरकारने 2017 साली एक ठरवले, 2020 साली मोडले, 2022 साली पुन्हा ठरवले; असले खेळ लोकांस विचारल्यावाचून होऊ नयेत. प्रांताच्या सीमेसारखा प्रश्न गोव्याप्रमाणे लोकांपुढे यावा. आणि बंधूभगिनींनो, पुढच्या ग्रामसभेस घरटी एक पुरुष व एक स्त्री गेलीच पाहिजे. मागील सभेचे प्रोसिडिंग मोठ्याने वाचायला लावा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीस बरोबर न्या. लिहिलेले ऐकल्यावाचून अंगठा किंवा सही करू नका. ज्या दिवशी गाव विचारू लागेल, त्या दिवशी गावास विचारावे लागेल.