विश्लेषण : 'बेटी बचाओ'चा पैसा जाहिरातीत किती गेला? धाराशिवने विचारायलाच हवा असा प्रश्न

'बेटी बचाओ, बेटी पढाओ' योजना २२ जानेवारी २०१५ रोजी पानिपतमध्ये सुरू झाली. पहिल्या टप्प्यात देशातील १०० जिल्हे निवडण्यात आले. त्यातील दहा महाराष्ट्राचे आणि त्यांपैकी एक तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव. कारण उघड होते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे अवघ्या ८६७ मुली होत्या. घोषणा घरोघरी पोहोचली, पण पैसा कुठे पोहोचला?

संसदीय समितीला काय आढळले?

खासदार हीना गावित यांच्या अध्यक्षतेखालील महिला सक्षमीकरणविषयक संसदीय समितीचा अहवाल डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत मांडला गेला. २०१६ ते २०१९ या काळात वितरित झालेल्या ४४६.७२ कोटी रुपयांपैकी ७८.९१ टक्के रक्कम केवळ माध्यमांतील प्रचारावर खर्च झाल्याचे त्यात नमूद आहे. म्हणजे शंभरातले जवळपास ७९ रुपये प्रसिद्धीवर गेले. योजनेने देशाचे लक्ष वेधले हे समितीने मान्य केले. मात्र आता शिक्षण आणि आरोग्यावर पुरेशी तरतूद करा, असेही बजावले. विशेष म्हणजे, समितीच्या अध्यक्षा सत्ताधारी पक्षाच्याच खासदार होत्या. त्यामुळे ही केवळ विरोधकांची ओरड म्हणून सोडून देता येत नाही.

मग सरकारने जाहिरात करूच नये का?

करावी. पीक विमा भरण्याची शेवटची तारीख, शिष्यवृत्तीचा अर्ज, लसीकरणाचा दिवस, धरणातून पाणी सोडण्याचा इशारा ही माहिती लोकांपर्यंत पोहोचलीच पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंडा भागाने पुराचा तडाखा सोसला. वेळेवर मिळालेल्या सूचनेची किंमत तिथल्या शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. प्रश्न आहे तो माहिती आणि मिरवणे यांतील फरकाचा. कोणाला, कुठे, कधीपर्यंत आणि कोणती कागदपत्रे घेऊन जायचे, हे सांगते ती माहिती. नुसता चेहरा आणि घोषणा असेल, तर ते मिरवणे.

न्यायालयाने कोणती रेषा आखली?

सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ रोजी 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. जाहिरात सरकारच्या कर्तव्याशी निगडित असावी, वस्तुनिष्ठ असावी, सत्ताधारी पक्षाचे हित साधणारी नसावी, खर्च किफायतशीर असावा, असे त्यांचे सार आहे. छायाचित्रे फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीशांची, असेही तेव्हा ठरले. पण १८ मार्च २०१६ रोजी हा निर्बंध सैल झाला आणि राज्यपाल, मुख्यमंत्री व संबंधित खात्याच्या मंत्र्यांनाही मुभा मिळाली. निवडणुकीच्या तोंडावर जाहिरातींना बंदी असावी, ही माधव मेनन समितीची शिफारस तर न्यायालयाने स्वीकारलीच नव्हती.

या फटीचा परिणाम काय?

विधानसभा निवडणुकीआधी, २०२४ मध्ये राज्य सरकारने 'माझी लाडकी बहीण' योजनेच्या प्रसिद्धीसाठी १९९.८१ कोटी रुपयांना मंजुरी दिली. दरमहा १,५०० रुपयांच्या हिशेबाने ही रक्कम १३ लाखांहून अधिक हप्त्यांइतकी होते. नव्या योजनेची माहिती देणे आवश्यकच होते. पण ज्या योजनेचे अर्ज भरायला सेतू केंद्रांबाहेर रांगा लागल्या, तिला एवढ्या प्रसिद्धीची गरज होती का, हे विचारण्याचा हक्क करदात्याला आहे. सरकारे बदलतात, पण ही सवय बदलत नाही. म्हणूनच उपायही पक्षनिरपेक्ष हवा.

जिल्ह्यातील नागरिक काय करू शकतो?

संसदीय समितीच्या अहवालानंतर 'बेटी बचाओ' योजना 'मिशन शक्ती'त समाविष्ट झाली आणि जाहिरातींऐवजी प्रत्यक्ष कामावर भर देण्याचे धोरण आले. जन्मावेळचे लिंग गुणोत्तर ९१८ किंवा त्याहून कमी असलेल्या जिल्ह्याला वर्षाला ४० लाख रुपये देण्याची त्यात तरतूद आहे. धाराशिवला किती मिळाले, त्यातून फलक किती लागले, किती शाळांत मुलींची स्वच्छतागृहे वापरण्याजोगी झाली आणि किती सोनोग्राफी केंद्रांची तपासणी झाली, हे माहिती अधिकारात विचारता येते. शुल्क दहा रुपये, अर्ज १५० शब्दांत, उत्तराची मुदत ३० दिवस.

जिल्हा प्रशासनाने अर्जाची वाट तरी का पाहावी? माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ खर्चाचा तपशील स्वतःहून जाहीर करायला सांगते. प्रत्येक सरकारी फलकाच्या कोपऱ्यात त्याचा खर्च छापला, तरी निम्मा वाद मिटेल. ज्याच्या पैशातून फलक उभा राहतो, त्याला निदान त्याची किंमत कळायला हवी.