तीन महिने म्हणजे ९० दिवस नव्हेत

लेक जर्मनीत, नातवाचं बारसं तिकडे, आणि आजी-आजोबा गोडा मसाला, मेतकूट बांधून निघालेले. अशा सगळ्या आजी-आजोबांना सांगणं आहे: बॅग भरायच्या आधी कॅलेंडर घेऊन बसा.

शेंगेन व्हिसावर जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. आपण सहज म्हणतो, 'तीन महिने'. घोळ इथेच होतो. समजा, महाराष्ट्र दिनी फ्रँकफर्टला उतरलात. तीन महिने धरून ३१ जुलैचं तिकीट काढाल, पण तो ९२वा दिवस! उतरल्याचा दिवस मोजतात, निघाल्याचाही मोजतात. २९ जुलैला तुम्ही बाहेर पडायलाच हवं.

मध्ये चार दिवस झुरिचला जाऊन आलं की मोजणी पुन्हा एकपासून, असं कुणीतरी छातीठोकपणे सांगतंच. ऐकू नका. स्वित्झर्लंडसकट २९ देशांचं हे एकच अंगण आहे. मागच्या १८० दिवसांत या अंगणात किती दिवस होतात, एवढंच बघतात. २९ जुलैला परतलात, तर पुन्हा पाय ठेवता येईल तो २८ ऑक्टोबरपासून, तोही व्हिसा चालू असेल तर.

लंडनची गोष्ट निराळी. ब्रिटन या अंगणाबाहेर, त्याचा व्हिसा वेगळा. पण खरी अडचण परतीची. शेंगेन व्हिसावर एंट्रीच्या रकान्यात १ असेल, तर लंडनला गेलात तिथेच तो संपला. लेकीच्या घराची किल्ली खिशात असली तरी त्या व्हिसावर परत जाता येत नाही.

म्हणून स्टिकर हातात पडला की आधी वाचा. (नातेवाइकांच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकायची गरज मुळीच नाही.) कधीपासून कधीपर्यंत, या तारखा वेगळ्या आणि मुक्कामाचे दिवस वेगळे. तारखांत ४५ दिवसांचं अंतर आणि मुक्काम ३० दिवसांचा, असंही असतं. तेव्हा ३०च राहायचं. पूर्वी शिक्के पुसट उमटायचे, अधिकारी पानं उलटत बसायचे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने चेहरा आणि बोटांचे ठसे घेऊन संगणकच हिशेब ठेवू लागला आहे.

अर्ज जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून तो देता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, कधी ४५सुद्धा. फी ९० युरो, व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. आणि एजंट म्हणाला, 'आठवडाभर तुमच्या खात्यात चार लाख ठेवतो', तर त्याला चहा पाजून निरोप द्या. अचानक आलेला पैसा स्टेटमेंटात लगेच दिसतो.

परतीचं तिकीट मात्र ९०व्या दिवसाचं काढू नका. विमानं रद्द होतात. चार दिवस आधीचं काढा.