दिवा कुठे लावायचा, तिला विचारलं का?

सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर सोलर आलं, की पहिला दिवा कुठे लागतो? ओट्यावर. दुसरा पुढच्या खोलीत. चुलीच्या कोपऱ्यात मात्र शेवटी, वायर उरली तर! जिचं निम्मं काम पहाटे आणि रात्री अंधारातच चालतं, तिला कुणी विचारतच नाही. बसवणारा बोलतो घरातल्या पुरुषाशी, सही त्याची, आणि बॅटरी कशी सांभाळायची तेही त्यालाच सांगून जातो. तो दिवाळीनंतर मजुरीला गुजरातेत गेला, की ती माहितीही त्याच्याबरोबर गेली.

हा नुसता मानाचा प्रश्न नाही, वीज टिकण्याचा आहे. तारा पोचवणं परवडत नाही अशा घरांसाठी २०१७ च्या ‘सौभाग्य’ योजनेत २०० ते ३०० वॉटचं पॅनल, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक पंखा आणि पाच वर्षं दुरुस्ती अशी सोय होती. ती पाच वर्षं बहुतेक ठिकाणी आता उलटली किंवा उलटत आली. पॅनल वीस-पंचवीस वर्षं चालतं हो, आधी मरते ती बॅटरी. साधी शिशाची बॅटरी नीट सांभाळली तर पाचेक वर्षं काढते, नाहीतर दोन वर्षांतच राम म्हणते. मग पुन्हा चिमणी आणि धूर.

का मरते? डिस्टिल्ड वॉटरऐवजी विहिरीचं पाणी घातलं म्हणून. टोकांवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी कुणी पुसली नाही म्हणून. आणि सगळ्यात जास्त, रोज तळापर्यंत उपसली म्हणून. हिशोब सोपा आहे. २०० वॉटचं पॅनल चांगल्या उन्हात, गळती वजा जाता, दिवसाला साधारण ६०० ते ७०० वॉट-तास वीज देतं. नऊ वॉटचे पाच दिवे पाच तास म्हणजे २२५. पंचवीस वॉटचा पंखा आठ तास म्हणजे २००. थोडी मोबाईलला. उरेल ती ढगाळ दिवसासाठी. हजार वॉटची इस्त्री लावली, तर पाऊण तासात दिवसाची कमाई साफ! बारा व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १२०० वॉट-तासांची. पण त्यातली निम्मीच वापरायची. कणगीतलं बियाणं कितीही नड आली तरी काढायचं नसतं, तसंच हे. जी बाई चार पायली धान्य पुढच्या हंगामापर्यंत पुरवते, तिला हे समजावायला कितीसा वेळ लागेल?

पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा पवनचक्की का नको, असं कुणी विचारतं. वारा निम्मा झाला की वीज आठव्या हिश्श्यावर येते, शिवाय फिरणारे भाग झिजतात. उघड्या डोंगरमाथ्यावर ठीक, पण दरीतल्या एकट्या घराने त्या भानगडीत पडू नये, असं माझं मत. त्यापेक्षा पॅनल थोडं मोठं घ्यावं आणि त्यावर आंब्याची सावली पडत नाही ना, एवढं बघावं.

‘बायकांना काय कळतंय विजेतलं?’ हे वाक्य अजून ऐकू येतं. राजस्थानात अजमेर जिल्ह्यातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने त्याला कधीच उत्तर दिलंय. १९७२ साली सुरू झालेल्या या संस्थेत फारशी अक्षरओळख नसलेल्या बायका, त्यात कितीतरी आज्या, सहा महिन्यांत सोलर जोडायला आणि दुरुस्त करायला शिकतात. आफ्रिकेतून आलेल्या बायकांशी भाषा जुळत नाही, तर रंगांच्या खुणांनी आणि हातवाऱ्यांनी शिकवतात. आणि डुंगरपूरला आयआयटी मुंबईच्या मदतीने आदिवासी बायकांची सोलर पॅनल बनवणारी कंपनीच उभी राहिली. मग आपल्याकडे तिला पाणी घालायची झारीसुद्धा दाखवायची नाही, हे कुठलं शहाणपण?

माझं मागणं मोठं नाही. बसवणाऱ्याने जाताना पाना, फडकं, व्हॅसलीनची डबी आणि सुटे फ्यूज तिच्या हाती द्यावेत आणि एकदा तिच्याकडून सगळं करून घ्यावं. राहिला प्रश्न पैशाचा. नवी बॅटरी नऊ-दहा हजारांच्या घरात जाते. दिवसाला पाच रुपये बाजूला टाकले तर पाच वर्षांत नऊ हजारांवर जमतात. बचत गटाच्या वहीत ‘बॅटरी’ असं एक पान काढायचं, आणि ते पहिल्याच महिन्यात. जुनी बॅटरी बसल्यावर नव्हे.