दयेचे शिफारसपत्र नको

गेल्या आगमनकाळात आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी माझ्याकडे शिफारसपत्र मागण्यासाठी आली. बालपणापासून ती चाकांच्या खुर्चीवर आहे. समाजशास्त्राची पदवी तिने प्रथम वर्गात मिळवली असून 'डिसॅबिलिटी स्टडीज', म्हणजेच विकलांगतेचा अभ्यास, या विषयातील पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी ती अर्ज करीत होती. एक अर्ज येथील विद्यापीठात, दुसरा परदेशात. परदेशी विद्यापीठाला प्राध्यापकांच्या पत्रांबरोबरच तिला ओळखणाऱ्या एखाद्या जबाबदार व्यक्तीचे पत्र हवे होते. मी आनंदाने होकार दिला आणि रात्री बसून दोन पाने लिहिली. तिची सोशिकता, तिची प्रसन्न मुद्रा, दैवाबद्दल तिने कधीही न केलेली तक्रार, रविवारच्या मिस्साला न चुकणारी तिची उपस्थिती, सारे मी मन लावून वर्णिले.

दुसऱ्या दिवशी तिने पत्र वाचले, त्याची शांतपणे घडी घातली आणि ती म्हणाली, "फादर, पत्र फार सुंदर आहे. पण हे मी गेल्यावर वाचायला बरे. मी अभ्यास करू शकते, असे यात कुठेच लिहिलेले नाही."

तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. पदवीच्या अखेरच्या वर्षी तिने तालुक्यातील शाळा आणि बसस्थानके येथील पायऱ्यांची पाहणी करून एक प्रबंध लिहिला होता. तो तिने मला वाचायला दिला होता, मी वाचलाही होता. माझ्या दोन पानांत त्या प्रबंधाचा साधा उल्लेखही नव्हता. मी तिच्या बुद्धीची शिफारस करायला बसलो आणि तिच्या दुःखाची शिफारस करून उठलो.

हा दोष माझ्या एकट्याचा असता तर वाचकांपुढे मांडण्याचे कारण नव्हते. परंतु तिच्या अर्जाची वार्ता धर्मग्रामात पसरल्यावर जे उद्गार कानी आले, ते माझ्या पत्राचीच भावंडे होती. "बिचारीला कशाला एवढी दगदग?" "अपंगांची सेवाच करायची ना, मग त्यासाठी पदवी कशाला?" "राखीव जागेतून बँकेत चिकटली असती तर आईबापांची काळजी मिटली असती." बोलणारी माणसे सज्जन आहेत, म्हणूनच त्यांना उत्तर देणे अगत्याचे आहे.

सेवेसाठी पदवी कशाला, असे विचारणाऱ्यांनी हा विषय जन्मला कसा हे समजून घ्यावे. इंग्लंडमध्ये पॉल हंट नावाचे एक गृहस्थ होते. स्नायूंच्या दुर्धर विकारामुळे ते एका धर्मादाय निवासात राहत. निवासाच्या कारभारात आपला शब्द असावा, यासाठी तेथील रहिवासी झगडत होते. त्यांच्याच आग्रहावरून संशोधक आले. परंतु त्यांचा अहवाल रहिवाशांच्या बाजूने उभा राहिला नाही. १९७२ साली हंट यांनी 'गार्डियन' या वृत्तपत्राला पत्र लिहून आपल्यासारख्यांना एकत्र येण्याचे आवाहन केले. त्यातून जी संघटना उभी राहिली, तिने १९७६ साली एक मूलगामी भेद मांडला: व्यंग देहात असते, विकलांगता मात्र त्या देहाला वगळून आपली व्यवस्था उभारणारा समाज लादतो. पुढे १९८३ मध्ये मायकेल ऑलिव्हर यांनी या विचाराला 'सामाजिक प्रारूप' असे नाव दिले. पोहताना झालेल्या अपघातापासून तेही चाकांच्या खुर्चीवर होते आणि ब्रिटनमधील या विषयाचे पहिले प्राध्यापक तेच झाले. अमेरिकेत शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठाने १९९८ मध्ये या विषयात पीएच.डी.चा अभ्यासक्रम सुरू केला. आपल्या मुंबईत देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनेही समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात या विषयाला स्थान दिले.

तात्पर्य, हा विषय सेवेकऱ्यांनी निर्माण केला नाही. ज्यांची सेवा केली जात होती, त्यांनीच तो निर्माण केला. आमच्याविषयीचे ज्ञान आमच्याविना का, हा त्याचा मूळ प्रश्न आहे. चार पायऱ्या चढता न येणारी मुलगी मुलीच्या पायांमुळे अडते की पायऱ्या बांधणाऱ्याच्या बुद्धीमुळे, हे विचारायला करुणा पुरत नाही. इतिहास, कायदा, अर्थकारण यांचा अभ्यास लागतो.

दगदगीची काळजी करणाऱ्यांना माझे नम्र निवेदन आहे की ती दगदग आपणच निर्माण केलेली आहे. येथील प्रवेशपरीक्षेच्या अर्जात तिने चाकांच्या खुर्चीची नोंद केली होती. तरीही तिला केंद्र मिळाले ते दुसऱ्या मजल्यावर, उद्वाहनाविना. दोघा चुलतभावांनी तिला खुर्चीसह उचलून वर नेले. ती पेपर सोडवायला बसली तेव्हा तिचे हात थरथरत होते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने २१ प्रकारच्या विकलांगता मान्य केल्या आहेत आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ४० टक्के वा अधिक विकलांगता असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखल्या आहेत. २०२१ साली विकास कुमार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की केवळ ४० टक्क्यांची अट पूर्ण होत नाही म्हणून गरजू परीक्षार्थीला लेखनिक नाकारता येणार नाही. यांपैकी कशालाही कायदा उपकार म्हणत नाही. आपणच त्याला उपकार म्हणतो, आणि मग तो मागणाऱ्याला ओशाळे व्हावे लागते.

अर्जातील सर्वांत कठीण पान मात्र वेगळेच असते. 'हा अभ्यासक्रम का करावयाचा आहे' याचे निवेदन उमेदवाराला लिहावे लागते. एका हितचिंतकाने तिला सल्ला दिला, "रडवून टाक, प्रवेश नक्की!" किती सहज आपण आपल्या लेकरांना त्यांचे दुःख बाजारात मांडायला शिकवतो! तिने तसे लिहिले नाही. पायऱ्यांच्या पाहणीतून उभे राहिलेले तीन प्रश्न तिने लिहिले आणि त्यांची उत्तरे शोधण्यासाठी मला शिकायचे आहे, एवढेच सांगितले.

आम्हा धर्मगुरूंनाही या बाबतीत हात झटकता येणार नाहीत. ख्रिस्तसभेच्या १९१७ च्या कॅनन कायद्यातील ९८४ वे कलम मी सेमिनरीत इतिहास म्हणून शिकलो. शारीरिक दुर्बलतेमुळे वेदीची सेवा सुरक्षितपणे, किंवा व्यंगामुळे शोभून दिसेल अशी, करू न शकणाऱ्यास याजकपदाची दीक्षा घेण्यास त्या कलमाने मनाई केली होती. सूट मिळू शकत असे, पण नियम तोच होता. १९८३ च्या नव्या संहितेत ते कलम राहिले नाही. कागदावरून गेले, आमच्या नजरेतून ते गेले का? आमच्या किती मंदिरांत वाचनपीठापर्यंत चाकांची खुर्ची जाऊ शकते? आजाऱ्यांच्या रविवारी आपण विकलांग बांधवांना पहिल्या रांगेत बसवतो. धर्मग्राम मंडळाच्या बैठकीला मात्र त्यांच्यापैकी किती जणांना बोलावतो?

आणि बँकेची नोकरी? ती सन्मानाचीच आहे. जिला ती हवी तिने अवश्य करावी. परंतु विकलांग मुलाने काय शिकावे हे आईबापांच्या काळजीने ठरवायचे आणि धडधाकट भावाने काय शिकावे हे त्याच्या आवडीने, हा दुजाभाव मात्र आपल्या घरातला आहे. त्यासाठी कोणत्याही विद्यापीठाला दोष देता येणार नाही.

मी पत्र पुन्हा लिहिले. यावेळी अर्धेच पान झाले. तिच्या प्रबंधात काय आहे, तिने कोणती पद्धत वापरली आणि माझ्या एका विधानातील चूक तिने मला कशी दाखवून दिली, एवढेच त्यात होते. सोशिकतेचा शब्द नव्हता. तिने ते वाचले आणि काही न बोलता पाकिटात घातले.

या ओळी लिहीत असताना निकाल हाती आलेला नाही. तो काहीही लागो. मंदिराच्या दर्शनी दाराशी तीन पायऱ्या आहेत. तिच्या प्रबंधात त्यांची उंची इंचांत नोंदलेली आहे, आणि त्या कोणी बांधल्या हे विचारायला ती आता कुणाच्या शिफारशीसाठी थांबणार नाही.