भीती किरणांची, चटका उष्णतेचा

ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष वल्लभभाई कथिरिया यांनी नवी दिल्लीत शेणापासून बनवलेली एक चिप सादर केली. ती मोबाइलजवळ बाळगल्यास रेडिएशन कमी होते, असा दावा होता. देशभरातील शेकडो शास्त्रज्ञ व शिक्षकांनी त्यावर साधेच प्रश्न विचारले : प्रयोग कोठे झाला, कोणी केला, निष्कर्ष कोठे प्रसिद्ध झाले? तो वाद विरला; त्यामागची मनोवृत्ती मात्र जागची हलली नाही. लॅपटॉप मांडीवर घेऊन अभ्यास करणाऱ्यांना आज ‘अँटी-रेडिएशन’ स्टिकर, तबके आणि पांघरुणे विकली जात आहेत. शेणाची चिप हसण्यावारी नेणारा सुशिक्षित ग्राहकही चकचकीत वेष्टनातले तबक निमूटपणे विकत घेतो. दाव्याला पुरावा दोन्हीकडे सारखाच आहे.

या भीतीला भाषेनेही हातभार लावला आहे. रेडिएशनसाठी ‘प्रारण’ हा नेमका शब्द परिभाषेत असताना बातम्यांतून सर्रास ‘किरणोत्सर्ग’ छापले जाते आणि वाचकाच्या डोळ्यांसमोर थेट चेर्नोबिल उभे राहते. दिव्याचा प्रकाश हेही प्रारणच, वाय-फायची लहर हेही प्रारणच. प्रश्न असतो तो एकेका फोटॉनच्या ऊर्जेचा. २.४ गिगाहर्ट्‌झ वारंवारतेच्या फोटॉनची ऊर्जा सुमारे ०.००००१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. हिरव्या प्रकाशाच्या फोटॉनची त्याच्या दोन लाख पटींहून अधिक. रेणूतून इलेक्ट्रॉन उखडण्यासाठी साधारण १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, म्हणजे वाय-फायच्या फोटॉनजवळ आहे त्याच्या दहा लाख पट. दहा फुटी भिंत एका उडीतच ओलांडावी लागते; एकेक तसूच्या हजार उड्या मारून कोणी पलीकडे जात नाही.

विरोधी बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दाही टाळता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘२ ब’ गटात, म्हणजे ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या वर्गात ठेवले. तबकविक्रेते हे वाक्य आवर्जून सांगतात. आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही त्याच गटात आहेत, हे मात्र सांगत नाहीत. हा गट धोक्याचे प्रमाण सांगत नाही. पुरावा मर्यादित आहे, शंका पूर्णपणे फिटलेली नाही, एवढेच तो सांगतो. अशा शंकेचे उत्तर संशोधन असते, स्टिकर नव्हे.

खरा आरोप पुढेच आहे. या काल्पनिक शत्रूने खऱ्या शत्रूला पाठीशी घातले आहे, आणि तो शत्रू म्हणजे उष्णता. लॅपटॉपच्या वाय-फायची प्रक्षेपण शक्ती वॅटच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. प्रोसेसर व इतर भाग मात्र साध्या कामात १५ वॅट, जड कामात त्याच्या कित्येक पट वीज खातात आणि तिची जवळजवळ सगळी उष्णता होते. स्वस्थ बसलेले माणसाचे संपूर्ण शरीर सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकते. इथे लॅपटॉपच्या उष्णतेचा काही हिस्सा वीतभर कातडीवर उतरतो. शिवाय यंत्राचा पंखा खोलीतल्या हवेपेक्षा थंड हवा आत घेऊ शकत नाही. मे महिन्यात नागपूरच्या किंवा दिल्लीच्या ४० अंशांच्या खोलीत तोच लॅपटॉप जानेवारीपेक्षा कितीतरी अधिक तापतो.

त्वचेचा हिशेबही जुना आणि पक्का आहे. मॉरित्झ आणि हेन्रिकेस यांनी १९४७ मध्ये दाखवून दिले की ४४ अंश सेल्सियसला त्वचा भाजायला सुमारे सहा तास लागतात आणि तेथून पुढे प्रत्येक अंशागणिक हा काळ साधारण निम्मा होत जातो. त्याहून कमी, सोसवणारी ऊबही रोज तासन्‌तास मिळत राहिली तर त्वचेवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग उमटतात. २०१० मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझलच्या डॉक्टरांनी बारा वर्षांच्या एका मुलाच्या मांडीवर असेच डाग नोंदवले. तो काही महिने रोज काही तास लॅपटॉप मांडीवर ठेवून खेळत असे.

भारताला तर हा धडा त्याहून फार आधी मिळाला होता. काश्मीरमध्ये फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून हिवाळा काढणाऱ्यांच्या पोटावर व मांड्यांवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन डॉ. एल्म्स्ली यांनी १८६६ मध्येच केले होते. लॅपटॉप म्हणजे कांगडी नव्हे. कांगडी कितीतरी अधिक तापते. पण वारंवार मिळणारी उष्णता त्वचा विसरत नाही, हे सांगायला कोणत्याही गूढ किरणांची गरज नाही.

तरुणांसाठी आणखी एक मोजमाप आहे. न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक येथे २९ पुरुषांवर झालेल्या अभ्यासात (२००५) तासभर मांड्या जुळवून लॅपटॉप ठेवला असता वृषणकोशाचे तापमान २.६ ते २.८ अंशांनी वाढले. लॅपटॉपविना, केवळ मांड्या जुळवून बसल्यानेही ते २.१ अंशांनी वाढले होते. म्हणजे दोषाचा मोठा वाटा बसण्याच्या पद्धतीचा होता. त्याच गटाच्या २०११ च्या अभ्यासात एक अंशाची वाढ मांड्या जुळवलेल्या असताना ११ मिनिटांत झाली, खाली पॅड घेतल्यावर १४ मिनिटांत, आणि पाय फाकवून बसल्यावर २८ मिनिटांत. या अभ्यासांनी वंध्यत्व सिद्ध केलेले नाही. मात्र शुक्रजंतूंना शरीरापेक्षा थंड जागा लागते हे सर्वज्ञात आहे, आणि पॅड विकत घेतले म्हणजे निर्धास्त झालो, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

धातूच्या लॅपटॉपला हात लावताच येणाऱ्या झिणझिण्याही अनेकदा ‘रेडिएशन’च्या खात्यावर जमा होतात. दोन पिनांच्या चार्जरमधून गळणारा, एक मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाह हे त्याचे नेहमीचे कारण. तीन पिनांचा चार्जर आणि खरोखर जोडलेले अर्थिंग असेल, तर त्या थांबतात.

खबरदारी इतकी साधी आहे की तिचा बाजार मांडता येत नाही. शक्यतो टेबल वापरावे. मांडीवरच घ्यायचा तर खाली घरातला पाट घ्यावा, पाय सैल ठेवावेत आणि दर काही मिनिटांनी यंत्र बाजूला करावे. हवेची छिद्रे गादी-उशीने बुजवू नयेत. चार्जिंगला लावलेला लॅपटॉप अंथरुणात घेऊन झोपू नये. फुगलेली बॅटरी तत्काळ बदलावी. महागडे तबक वापरून पाय खरोखर थंड राहिलेच, तर ते श्रेय लाकडाचे व मधल्या हवेचे आहे.

तमिळनाडूने २०११ पासून विद्यार्थ्यांना लाखोंच्या संख्येने लॅपटॉप दिले. इतर राज्येही त्या वाटेने गेली. मोबाइलसाठी देशाने प्रारणशोषणाची मर्यादा प्रतिकिलो १.६ वॅट ठरवली आणि तो आकडा ग्राहकाला कळवणे बंधनकारक केले. मग जड कामात तळ किती अंशांपर्यंत तापतो, हा आकडा लॅपटॉपच्या खोक्यावर ठळकपणे का नसावा? माहितीपुस्तिकेच्या कोपऱ्यात ‘मांडीवर ठेवू नये’ असे बारीक अक्षरात छापून कंपनीने हात झटकायचे, आणि शासकीय आयोगाच्या व्यासपीठावरून संरक्षक चिप मिरवायची, ही वैज्ञानिक दृष्टिकोनाची थट्टा आहे. हा दृष्टिकोन जोपासणे संविधानाच्या ५१-क अनुच्छेदानुसार प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. शासकीय पदावर बसल्याने त्यातून सूट मिळत नाही.

थर्मामीटर शंभर-दोनशे रुपयांना मिळतो. पुढच्या वेळी कोणी किरणांपासून रक्षण करणारी वस्तू दाखवली, तर विद्यार्थ्यांनी आधी तो लॅपटॉपच्या तळाशी लावून पाहावा आणि मग विक्रेत्याला त्याचे मोजमाप मागावे.